टेंडरची पावणी

माझ्यात दोन खोडी जन्मापासूनच्या आहेत. एक म्हणजे नको तिथे हसू फुटतं, आणि दुसरी म्हणजे कागदावर लिहिलेला नियम दिसला की तो पाळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिल्या खोडीपायी मी लग्नात अंतरपाटाआड हसले आणि सासूबाईंनी ते वर्षभर लक्षात ठेवलं. दुसऱ्या खोडीपायी आमच्या गावच्या हायस्कुलाची टेंडरं फणसाच्या चिकाने बंद झाली. पुढे जे झालं ते आठवून आज या वयातही मी एकटी बसल्या बसल्या हसते, आणि घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर होडीने खाडी ओलांडून मालवणला जायचं. मुलगे जात. मुलींना कोण पाठवणार? त्यांची शाळा सातवीला संपायची. मग मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने मनावर घेतलं, निम्मे पैसे त्यांनी उभे केले, निम्मे सरकार देणार असं ठरलं. सरकारची अट एकच, पण अवघड होती. जूनमध्ये आठवीचा वर्ग स्वतःच्या, छप्पर असलेल्या इमारतीत भरला पाहिजे. नाही भरला तर मंजुरी खाडीपलीकडच्या दुसऱ्या एका गावाला.

मी मॅट्रिक होते. गावातली एकमेव मॅट्रिक सून. नवरा बोटीवर, आठ-आठ महिने दर्यात, आणि मी घरात भात कांडत, मासे साफ करत, आलेल्या-गेलेल्याची पत्रं वाचून दाखवत बसलेली. हायस्कूल होणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलंच. त्या शाळेत मी शिकवणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं. रात्री झोपेत फळ्यावर लिहायची म्हणे मी, असं धाकटी नणंद सगळ्यांना सांगत सुटली होती.

मामंजींपाशी हा विषय मी एकदाच काढला. मामंजी म्हणजे माझे सासरे, इमारत कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी जेवता जेवता मान वर न करता सांगितलं, आपल्या घरातली सून पगारावर जायची नाही. झालं, विषय संपला. मात्र आठ दिवसांनी कमिटीला सरकारी कागद आला, तो कुणाला नीट उलगडेना, तेव्हा त्यांनीच मला ओटीवर बोलावलं आणि कमिटीची सेक्रेटरी करून टाकलं. सेक्रेटरीला पगार नव्हता, म्हणून घराण्याच्या अब्रूला धक्का नव्हता. मी मनातल्या मनात चरफडले आणि वरून इतकी खूश झाले की चहात मीठ घातलं.

कागदात लिहिलं होतं की बांधकामासाठी टेंडरं मागवावीत. निदान तीन. ती मोहोरबंद लखोट्यात यावीत, ठरल्या दिवशी सगळ्यांसमक्ष फोडावीत, आकडा मोठ्याने वाचावा आणि सर्वांत कमी आकडा असेल त्याला काम द्यावं. मी हे मामंजींना समजावून सांगितलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "म्हणजे पावणीच ती."

पावणी म्हणजे आमच्याकडे जत्रेनंतर देवळात होणारा लिलाव. देवाला आलेले नारळ, केळीचे घड, कधी कोंबडा, हे सगळं देवासमोर पुकारतात आणि जास्त बोलेल त्याला मिळतं. वस्तूची किंमत कोण बघतो, मान महत्त्वाचा. दोन चुलतभावांच्या ईर्ष्येत एका नारळाचे अकरा रुपये झालेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि हरलेला भाऊ मग महिनाभर देवळाच्या वाटेने गेला नाही. ही पावणी पुकारायचा मान मामंजींचा. एरवी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण पावणीला उभा राहिला की आवाज बंदरापर्यंत पोचायचा. "एक बार, दोन बार," म्हणत ते असा ठेका धरत की समंजस माणसंसुद्धा खिशात हात घालत.

मी म्हटलं, तसं नाही, हे उलटं आहे, कमी बोलेल त्याला काम. त्यांच्या चेहऱ्यावर किळस दिसली. देवासमोर कमी बोलायचं म्हणजे माणसाने स्वतःची शोभा करून घेण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की देवासमोर नाही, सगळ्यांसमोर. पण गावात सगळी मावतील अशी जागा देवळाच्या सभामंडपाशिवाय दुसरी नव्हती. मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

टेंडरचे कोरे अर्ज मीच हाताने लिहून काढले, तीन प्रती. वरती सगळ्या अटी, खाली आकड्यासाठी मोकळी जागा. एक अट होती की आकडा निविदाकाराने स्वहस्ते भरावा, अंकी आणि अक्षरी. ती मी तिन्ही प्रतींत ठळक अक्षरांत लिहिली आणि खाली रेघ ओढली. स्वतःवर मी बेहद्द खूश होते.

अर्ज तिघांनी नेले. एक मालवणचा कंत्राटदार, काळा कोट घालणारा, व्यापाऱ्यांच्या पेढ्या बांधलेला. दुसरा फोंडाघाटचा, लाकडाचा धंदा करता करता बांधकामात शिरलेला, स्वतःची लॉरी असलेला. तिसरा आमच्या गावचाच गवंडी. गावातल्या निम्म्या विहिरी आणि बहुतेक घरांचे चिरे त्याच्या हातचे. त्याने बांधलेल्या विहिरीचा चिरा कधी ढळला नाही. पण अक्षरओळख सहीपुरतीच.

तो चौथ्या दिवशी मागीलदारी आला. मी माडाच्या सावलीत कोळंबी सोलत होते. अर्ज पुढे करून तो उभा राहिला. मग म्हणाला, "वयनी, हिशोब सगळो डोक्यात आसा. पण माका लिवक येणा नाय."

मी ठळक अक्षरात लिहिलेली, खाली रेघ ओढलेली अट त्या कागदावरून माझ्याकडेच बघत होती. नियम म्हटला की जीव टाकणारी मी. पण समोरचा माणूस असा ओशाळून उभा होता, आणि आपल्या गावची शाळा आपल्या गावच्या गवंड्याने बांधावी हे मलाही मनापासून वाटत होतं. मी हात धुतले, दौत आणली, म्हटलं सांगा. त्याने डोळे मिटून सगळी इमारत माझ्यासमोर उभी केली. जोत्याला किती विहिरींना लागतील इतके चिरे, भिंती किती, चुना किती, मजूर किती. शेवटी आकडा सांगितला, पाच हजार सहाशे.

मी लिहायला लेखणी टेकवली आणि थांबले. सरकारी अंदाज नऊ हजारांच्या आसपास होता, हे मला माहीत होतं. मी विचारलं की यात वासे, रिपा, कौलं कुठे धरली आहेत. त्याने डोळे उघडले.

"छप्पर धरूक नाय," तो अगदी सहज म्हणाला. "छप्पर सुताराचा. माझा काम भिंतीपर्यंत."

मला जे हसू फुटलं ते फुटलंच. कोळंबीची टोपली लवंडली, मांजराने संधी साधली. तोही मग हसायला लागला, पण त्याला काय चुकलं ते खरंच कळलं नव्हतं. आमच्याकडे घर असंच बांधायचे, गवंडी भिंती उभ्या करून जाई आणि सुतार येऊन वर छप्पर चढवी, दोघांचे पैसे वेगळे, दोघांना नारळ वेगळे. मी त्याला समजावलं की टेंडर अख्ख्या इमारतीचं आहे, सुतार तुम्हीच आणायचा. तो सुताराकडे जाऊन आला, लाकडाचा आणि मंगलोरी कौलांचा भाव धरला, आणि मी माझ्या गोल अक्षरात लिहिलं, आठ हजार सातशे पन्नास मात्र. त्याने खाली सही ओढली, तीही दमाने.

त्या दिवशी माझ्या हातून दोन गुन्हे झाले होते. सेक्रेटरीने एका कंत्राटदाराचं टेंडर भरलं, आणि वर त्याला सल्लाही दिला. मला ते कळत होतं. पण त्याचं वाईट वाटायच्या ऐवजी मला आतून गुदगुल्या होत होत्या. कुणाला कळणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

आता लखोटे मोहोरबंद करायचे होते. तिघेही जण भाताच्या खळीने चिकटवलेले लखोटे घेऊन आले. मी म्हटलं चालणार नाही, लाखेची मोहोर हवी. पोस्टमास्तरांकडे लाख होती, पण ती सरकारी, खासगी लखोट्याला एक थेंब मिळणार नाही असं त्यांनी बजावलं. मालवणहून आणायला दिवस जाणार होता, आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तेव्हा मला परसातला फणस आठवला. माघ संपत आला होता, झाडाला कोवळे फणस लोंबत होते. एका देठाला कोयती लावली की चीक टपटप गळतो, आणि तो वाळला की सुटायचं नाव घेत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. मी करवंटीभर चीक काढला आणि तिन्ही लखोट्यांना सढळ हाताने थापला. मालवणच्या कंत्राटदाराने त्यावर अंगठी दाबली, फोंड्याच्याने नवा पैसा, आणि आमच्या गवंड्याने आपला अंगठा. मग लखोट्यांची तोंडं वर येऊ नयेत म्हणून ते तीन दिवस पाट्याखाली दाबून ठेवले. सासूबाईंनी त्या तीन दिवसांत वाटण शेजारी जाऊन वाटलं.

टेंडर फोडायच्या दिवशी मी देवळात गेले तर बाहेर जत्रेतला मिठाईवाला खाज्याचं दुकान मांडून बसलेला. कुणीतरी गावभर उठवलं होतं की पावणी आहे. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या, सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. लोकल बोर्डाचे ओव्हरसिअर मालवणहून होडीने आले होते. हडकुळे, चष्मा लावणारे, शुद्ध बोलणारे गृहस्थ. त्यांनी ती गर्दी बघितली आणि मला हळूच विचारलं, "आज काही उत्सव आहे का?" मी नाही म्हटलं आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

मामंजी अध्यक्ष म्हणून नव्या उपरण्यात उभे होते. ते उपरणं त्यांनी अध्यक्ष झाल्यावर मुंबईहून मागवलं होतं आणि कमिटीच्या बैठकीखेरीज ते बाहेर निघत नसे. त्यांनी पहिला लखोटा उचलला, मालवणचा. मोहोर ओढली. सुटेना. त्यांनी दात लावले. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढलं आणि टर्रकन कागद निघाला, त्याचा एक कोपरा लखोट्यातच राहिला. पण आकडा शाबूत होता, नऊ हजार चारशे. दुसरा फोंड्याचा. त्याची सही फाटली, आकडा वाचला, नऊ हजार शंभर.

तिसरा लखोटा गवंड्याचा. त्याला मी जरा जास्तच चीक लावला होता, आपला माणूस म्हणून. त्यात कागदाची घडी अशी पडली होती की आकडा नेमका तोंडाशी आलेला. लखोटा ओढला आणि आकड्याची पट्टी तेवढी लखोट्याला चिकटून आतच राहिली. हातात आला तो कागद, वरती माझ्या अक्षरातल्या अटी आणि खाली भोक.

आता खरं सांगते. चीक तेलाने सुटतो हे मला त्याच क्षणी आठवलं. फणस कापताना आधी हाताला तेल लावतात, ते उगीच नाही. देवासमोर समई जळत होती, बोटभर खोबरेल घेऊन लखोट्याला लावलं असतं की पट्टी अलगद सुटली असती. पण पट्टी सुटली असती म्हणजे माझं अक्षरही सगळ्यांसमोर आलं असतं. अटी माझ्या अक्षरात असणं ठीक, आकडा माझ्या अक्षरात कसा? मी लेखणी घट्ट धरली आणि गप्प बसले.  शाळेत शिकवायचं स्वप्न तर गेलंच, वर तोंडाला काळं.

ओव्हरसिअर कागद उलटसुलट करत होते. त्यांनी गवंड्याला विचारलं की तुमचा आकडा काय होता. इतक्या माणसांत साहेबाने थेट विचारल्यावर तो गडबडला, डोकं खाजवू लागला. तेवढ्यात फोंड्याच्या कंत्राटदाराला वाटलं की कागद फाटला म्हणजे आता सगळं तोंडी चाललंय. तो उठून म्हणाला, मी नऊ हजाराला करतो. मालवणचा कोट सावरून उभा राहिला, आठ हजार नऊशे. आणि मामंजींच्या कानावर दोन आकडे लागोपाठ पडले मात्र, त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

"आठ हजार नऊशे," त्यांनी पावणीच्या आवाजात पुकारलं. "एक बार!"

मग काय, देऊळ पेटलंच. गवंड्याने साडेआठ म्हटलं. फोंड्याने आठ. मालवणच्याने कोट काढून खांबाला अडकवला. ओव्हरसिअर दोन्ही हात हलवत नियम सांगत होते, त्यांचा आवाज पहिल्या ओळीपर्यंतही पोचत नव्हता. लोक आधी जरा बावचळले, आकडा वर जायचा तो खाली का जातोय ते त्यांना समजेना. पण ईर्ष्या कळायला आकडे कशाला लागतात? प्रत्येक बोलीला टाळ्या पडू लागल्या. मालवणच्याने साडेसात म्हटल्यावर बायकांतून आरोळी उठली. मी सभेची मिनिटं लिहायला बसले होते आणि माझ्या वहीत नुसत्या तिरक्या रेघा ओढल्या जात होत्या. मला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम, आणि डोकं असं हलकं झालं होतं की मी खांबाला टेकून बसले.

साडेसहापाशी मालवणचा थांबला. त्याने कोट परत घातला आणि घाम पुसत बसला. सहापाशी फोंड्याचा अडखळला. गवंडी आता वेगळाच माणूस झाला होता. ज्या माणसाला लिहिता येत नाही म्हणून मागीलदारी यावं लागलं, त्याच्याकडे आज सगळं गाव डोळे लावून होतं. छाती पुढे काढून त्याने देवाकडे हात जोडले आणि म्हणाला, साडेपाच हजार. गावची शाळा गावच्याच माणसाने जिंकली. कुणीतरी घंटा वाजवली. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

"साडेपाच हजार," मामंजींचा आवाज घुमला. "एक बार. दोन बार."

आणि मला कळलं की हा आकडा मी ऐकलेला आहे. हा त्याचा भिंतीचाच हिशोब. डोक्यात जो पक्का बसला होता, तोच त्याच्या तोंडून घसरत घसरत बाहेर आला होता, वर शंभराची सूट देऊन. याच्यात तो भिंती बांधणार, उत्तम बांधणार, आणि वर आभाळ. जूनमध्ये पाऊस थेट आठवीच्या वर्गात पडणार. मंजुरी खाडीपलीकडे जाणार, आणि या बायकांमध्ये बसलेल्या पोरी सातवीनंतर घरी बसणार.

मी उठून उभी राहिले. लग्न होऊन आल्यापासून मामंजींसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता.

"मामंजी, थांबा," मी म्हटलं. "त्या आकड्यात छप्पर नाही."

तिसरा बार त्यांच्या ओठावरच राहिला. सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. गवंडी हळूहळू खाली बसला, त्याला आता उमगलं होतं. मामंजींनी विचारलं, तुला कसं ठाऊक. मग मी सगळं सांगून टाकलं. मागीलदार, कोळंबी, सुतार, आकडा, आणि ठळक अक्षरातली ती अटसुद्धा. चीक तेलाने सुटतो हे मला मघापासून आठवत होतं, तेही सांगितलं. एकदा सुरुवात झाली की मला थांबता येत नाही. शेवटी मी म्हटलं, चूक माझी आहे, त्यांची नाही, आणि मग ज्याची भीती होती तेच झालं, मला हसू फुटलं. रडायच्या जागी हसू. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

ओव्हरसिअर मात्र शांतपणे उठले, समईपाशी गेले, बोट बुडवून आले. कागद सरकारी आहे, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी लखोट्यावर तेल चोळलं. कागद आरपार दिसायला लागला, पट्टी सुटली, आणि माझं गोल अक्षर सगळ्यांसमोर आलं. आठ हजार सातशे पन्नास मात्र. तिघांत सर्वांत कमी, आणि वर छप्पर धरून.

त्यांनी सांगितलं की तोंडी बोललेलं सगळं रद्द, लखोट्यातला आकडा तोच खरा. पण स्वहस्तेचा नियम मोडला आहे, बाकीच्या दोघांनी हरकत घेतली तर सगळं पुन्हा करावं लागेल. म्हणजे आणखी महिना, म्हणजे जून हातचा गेला. सगळे त्या दोघांकडे बघू लागले. मालवणचा कंत्राटदार अंगठी फिरवत होता. साडेसहा हजारांतून सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तो म्हणाला, "हरकत खंयची घेतलंय? माझो आकडो मेवण्यान लिवलो." फोंड्याच्याने खाली बघत सांगितलं की त्याचा मुनिमाने लिहिलाय. ओव्हरसिअरांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि कुणीतरी तीर्थाचं पाणी आणून दिलं. मग त्यांनी लिहिलं, कोणाचीही हरकत नाही. काम गवंड्याला मिळालं.

निघताना ओव्हरसिअरांनी मामंजींना बाजूला घेऊन माझ्याकडे बघत काही विचारलं. मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती आजपासून सेक्रेटरी नाय."

घरी येईपर्यंत मामंजी पुढे आणि मी मागे, मध्ये चांगलं दहा हात अंतर. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. मला राग आला होता, त्यांचा आणि स्वतःचाही. छप्पर मी वाचवलं, आणि मलाच चारचौघांत काढून टाकलं. ओटीवर बसून त्यांनी दौत मागवली, मला समोर बसवलं आणि राजीनामा लिहायला सांगितलं. मी लिहिला. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं.

"दुसरो कागद घे," ते म्हणाले. "ह्यो माझो. अध्यक्षपदाचो."

माझा हात थांबला. माझ्यामुळे त्यांची मान खाली गेली, म्हणून हे सगळं सोडतायत, असं मला वाटलं. उपरण्याची घडी त्यांनी शेजारी ठेवलीच होती. मी रडायला लागले, म्हटलं चूक माझी, तुम्ही कशाला सोडता. त्यांनी नुसतं बोटाने कागद दाखवला. मी डोळे पुसत लिहिलं, त्यांनी सही केली, सही नीट आली की नाही ते दूर धरून बघितलं.

मग त्यांनी तिसरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"अध्यक्षाच्या सुनेक नोकरी दिली तर लोक बोलतले," ते म्हणाले. "आता मी अध्यक्ष नाय, तू सेक्रेटरी नाय. अर्ज लिही. लपवूक येणा नाय तुका. पोरांक शिकवूक असाच माणूस व्हया."

आतून सासूबाई विचारत होत्या, कसले कागद चाललेत इतके.  पाच ओळींचा तो अर्ज माझ्या हातून तीनदा चुकला आणि मी तीनदा नवा कागद घेतला. तोवर मामंजी समोर सुपारी कातरत बसले होते, आणि त्यांनी एकदाही घाई केली नाही.